प्लेअर्स हँडबुक २०२४: पुस्तक देखणं, पण आमची अर्धी एल्फ कुठे गेली?

दर रविवारी दुपारी साडेतीनला आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी जेवणाचं टेबल रिकामं होतं आणि वीस बाजूंचे फासे बाहेर येतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स. मी डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी. बाकीचे आपलं पात्र काय करतंय ते सांगतात, फासा टाकतात, फजिती झाली की मला बोलतात. खेळायला माझा भाचा, त्याचा कॉलेजातला गुजराती मित्र, शेजारची वकीलीणबाई आणि वरच्या मजल्यावरचे काका.

माझ्याकडे प्लेअर्स हँडबुकच्या, म्हणजे या खेळाच्या नियमपुस्तकाच्या, दोन प्रती आहेत. २०१४ची ३२० पानी, शेव-उसळीच्या डागांसकट, आणि २०२४ची ३८४ पानी कोरी. नवीत चित्रं सुरेख आहेत आणि नियम सापडतात लवकर. ते सगळे सांगतातच. मी लिहिणार आहे ते ‘इथे सर्वांचं स्वागत आहे’ हे पुस्तक कितपत पाळतं याबद्दल.

१९७८च्या पहिल्या प्लेअर्स हँडबुकात मानवी स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा कमी होती. फासा कितीही चांगला पडो, बाई म्हणून वर जाता यायचं नाही. त्या मानाने २०१४च्या पुस्तकाने फार लांबचा पल्ला गाठला. पात्र स्त्री असो वा पुरुष, त्याचा फायदा-तोटा काही नाही, आणि या दोनच चौकटींत अडकायचीही गरज नाही, असं एका परिच्छेदात सरळ म्हटलंय. उदाहरण एल्फांच्या (खेळातलं टोकदार कानांचं, परीकथेतलं कूळ) देवाचं, ज्याच्यात स्त्री आणि पुरुष दोन्ही दिसतात. परिच्छेद चांगलाच आहे. पण तो इंग्रजीत आहे आणि आम्ही खेळतो मराठीत.

भाच्याने पात्र घेतलं तलवारबाज बाईचं. पहिल्याच लढाईत म्हणाला, ‘मी तलवार काढतो.’ वकीलीणबाई म्हणाल्या, ‘काढते म्हण रे!’ दाढीवाला पोरगा ‘काढते’ म्हणाला आणि टेबल खो-खो हसलं. त्यानंतर दोन रविवार तो जेमतेम बोलला. सासूबाई आतून म्हणाल्या, ‘एवढं काय लाजायचं? बालगंधर्व काय करत होते?’ त्यांचे वडील गंधर्वांच्या नाटकांचे वेडे, त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही प्रश्नावर बालगंधर्व निघतातच. पण बालगंधर्वांना प्रेक्षक हसत नव्हते, सासूबाई, हाच तर फरक.

भाचा मग गुजरातीत शिरला. मित्र सहज म्हणायचा, ‘हुं तलवार काढुं छुं’; त्यात बोलणारा बाप्या की बाई, काही कळत नाही. भाच्याचे वडील गुजराती, तेव्हा त्याला ते जड नव्हतंच. मला मात्र वाईट वाटलं. माझ्या टेबलावर माझीच भाषा अडचणीची ठरली होती! मग एका रात्री भांडी आवरताना लक्षात आलं: दोष भाषेचा नाही, माझ्या प्रश्नाचा आहे. मी विचारत होते, ‘काय करतोस?’ त्याऐवजी ‘काय करशील?’ विचारलं, की उत्तर येतं, ‘मी तलवार काढीन, दार उघडीन.’ झालं! भविष्यकाळात पत्ताच लागत नाही. झाल्या गोष्टीतही ‘मी दार उघडलं’, ‘मी राक्षस मारला’ इथे क्रियापद दाराच्या नि राक्षसाच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. पंचाईत फक्त ‘पळालो’ की ‘पळाले’ इथे होते. तलवारबाजाने पळू नये, इतकंच. हिंदीत खेळणाऱ्यांना ही सोय नाही, तिथे ‘करूंगा-करूंगी’ आलंच.

हे मला कुठल्याही आवृत्तीने शिकवलं नाही. शिकवणारही कसं म्हणा.

टेबलावर खरं उपयोगी पडलेलं आणखी एक साधन पुस्तकाबाहेरचं आहे. जॉन स्टॅव्हरोपोलोस यांचं २०१३चं एक्स-कार्ड. फुली काढलेलं कार्ड टेबलावर ठेवायचं. एखादा प्रसंग नको वाटला तर हात लावायचा, कारण कुणी विचारायचं नाही. आमचं कार्ड एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूचं आहे. २०२४च्या दिवाळीनंतर मी हौसेने पाण्याने भरलेलं भुयार रचलं, आत मगर सोडली. दुसऱ्याच वाक्याला काकांनी कार्डावर बोट ठेवलं. ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, मगरी रस्त्यावर आल्या होत्या, हे मला कसं आठवलं नाही कोण जाणे. भुयार कोरडं केलं, मगरीचा आठ पायांचा कोळी केला, खेळ पुढे सुरू.

आता तक्रार. नव्या पुस्तकात पात्राच्या कुळासाठीचा ‘रेस’ हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला, आणि ताकदीसारखे गुण कुळावरून न ठरता पात्राच्या पूर्वायुष्यावरून ठरतात. म्हणजे ऑर्क (खेळातलं राक्षसी कूळ) म्हणून जन्माला आला म्हणून तो आडदांडच असला पाहिजे असं नाही. हे मला मनापासून आवडलं. नुसत्या निवेदनापेक्षा असा एक बदललेला नियम लाख मोलाचा. पण याच साफसफाईत हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क, म्हणजे अर्धे माणूस नि अर्धे एल्फ किंवा ऑर्क, यादीतून गेले. दहा कुळं उरली, त्यात मिश्र एकही नाही. ‘अर्धा’ म्हणणं अपमानाचं, असा त्यामागचा विचार. असेलही. भाच्याची तलवारबाज बाई मात्र अर्धी एल्फच होती, आणि का, ते बडोद्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. घरात आईशी मराठी, बाबांशी गुजराती, आणि पुण्याला गेला की मामेभाऊ त्याच्या मराठीला हसतात. त्याला ‘अर्धा’ शब्द लागला नव्हता. पान उलटून तो एवढंच म्हणाला, ‘मावशी, मला काढून टाकलं वाटतं.’

जुन्या पुस्तकातली कुळं नव्या नियमांबरोबर चालवता येतात, एवढी सोय ठेवली आहे. पाचपैकी साडेतीन तारे. घ्या, पण जुनी प्रत रद्दीत देऊ नका. आमची अर्धी एल्फ अजून त्याच डागाळलेल्या पानावर आहे, आणि परवा तिने दार उघडलं.