हायपरन्यूक्लिअसच्या नोट्स (नवी पेठ, झेरॉक्स संच): घ्या, पण तुलनेचं प्रकरण तपासून

सोलापुरात एमएस्सी फिजिक्सची मुलं हायपरन्यूक्लिअसच्या (लॅम्डा हा अल्पायुषी कण सामावलेलं अणुकेंद्रक) वीक डिकेसाठी (क्षीण आंतरक्रियेने होणारा क्षय) हाच स्पायरल बाइंडिंगचा संच वापरतात. पहिला भाग अप्रतिम आहे. मोकळा लॅम्डा साधारण 263 पिकोसेकंदांत पायॉन (सर्वांत हलका मेसॉन कण) सोडून मोडतो, पण त्यात न्यूक्लिऑनला (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) जेमतेम 100 एमईव्ही/सी संवेग मिळतो. केंद्रकात 270 पर्यंतच्या संवेगाच्या जागा आधीच भरलेल्या, म्हणून ही वाट बंद होते. मग लॅम्डा शेजारच्या न्यूक्लिऑनशी भिडतो, 176 एमईव्ही ऊर्जा मोकळी होते आणि दोन न्यूक्लिऑन 400 च्या आसपास संवेग घेऊन सुटतात. हे इतकं नेटकं मराठीत क्वचितच वाचायला मिळतं.

घोटाळा तुलनेच्या तक्त्यात आहे. लॅम्डा असलेल्या कार्बन-12 साठी न्यूट्रॉन-प्रोटॉन गुणोत्तर (न्यूट्रॉनशी भिडून होणारे क्षय भागिले प्रोटॉनशी भिडून होणारे) सिद्धांतानुसार 0.1, प्रयोगात 1.33, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘सिद्धांत अपयशी’! 1.33 हा 1991 चा आकडा आहे आणि त्याची त्रुटी +1.12, −0.81 इतकी मोठी. झेरॉक्सची झेरॉक्स काढता काढता ती पुसली गेली आहे.

शिवाय 0.1 हे फक्त लॅम्डा आणि न्यूक्लिऑनमधल्या एका पायॉनच्या देवाणघेवाणीचं उत्तर. तिथे टेन्सर भागाचा (स्पिनच्या दिशेवर अवलंबून असलेल्या बलाचा) जोर असतो, आणि त्यातून आयसोस्पिन शून्याची जोडी (एक न्यूट्रॉन, एक प्रोटॉन) बनते. दोन न्यूट्रॉनांना ती शक्यच नाही. केऑन (पायॉनहून जड मेसॉन) जोडला की गुणोत्तर 0.3 ते 0.5 पर्यंत चढतं. प्रयोगाचीही बाजू आहे: बाहेर पडताना प्रोटॉन ऊर्जा गमावतात, मोजणीच्या ऊर्जा-उंबरठ्याखालचे दिसत नाहीत, लॅम्डा एकदम दोन न्यूक्लिऑनांशी भिडून होणारा क्षयही मिसळतो. प्रोटॉन कमी मोजले गेले की गुणोत्तर फुगतं. जपानच्या केईके प्रयोगशाळेत एकमेकांविरुद्ध दिशेने सुटणाऱ्या जोड्याच मोजल्या, तेव्हा कार्बनसाठी 0.51±0.13±0.05 आणि हेलियम-5 साठी 0.45±0.11±0.03 मिळालं. हे आकडे संचात नाहीत, हाताने लिहून घ्या.

असममितीला (ध्रुवित हायपरन्यूक्लिअसमधून प्रोटॉन एका बाजूला किती जास्त सुटतात, ते) तर एकच परिच्छेद. पायॉन, केऑन वगैरे मेसॉन धरून −0.6 च्या आसपास येतं, हेलियमचं मोजमाप शून्याजवळ. दोन पायॉनांची देवाणघेवाण आणि सिग्मा मेसॉन धरल्यावर हे अंतर मिटतं, पण नोट्स तिथवर पोचतच नाहीत.

घेताना मूळ प्रतीवरूनच कॉपी मागा. असममितीच्या पानावर उणे चिन्ह उमटलंय का, ते दुकानातच बघा.