पहिली गिटार: नायलॉनच्या तारा की स्टीलच्या?

दुकानातल्या लाकडी गिटारी लांबून सारख्याच दिसतात. पण प्रकार दोन: क्लासिकलला नायलॉनच्या तारा, ॲकूस्टिकला स्टीलच्या. सूरही तेच, जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. पण दोन्ही हातांना दोघी वेगवेगळं वळण लावतात आणि ते नंतर सहज बदलत नाही.

‘बोटं दुखतील, नायलॉनचीच घे’ हा सल्ला सगळ्यांना मिळतो. त्यात तथ्य आहे. स्टीलच्या नेहमीच्या संचाचा एकूण ताण सुमारे ७० किलो असतो, नायलॉनचा ४० च्या आसपास. स्टीलवर सुरुवातीला डाव्या हाताच्या बोटांवर तारांच्या रेघा उमटतात, गरम पाणी झोंबतं, आणि तीन-चार आठवड्यांत घट्टे पडले की त्रास संपतो. रोज पंधरा मिनिटं वाजवणाऱ्याचे घट्टे लवकर पडतात. रविवारी सलग तीन तास बसणाऱ्याची बोटं फक्त सोलवटतात.

ताण दिसतो, पण मानेची, म्हणजे तारा दाबायच्या लांब दांड्याची, रुंदी कुणी सांगत नाही. क्लासिकलची मान वरच्या टोकाला साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, ॲकूस्टिकची ४३. सी कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) धरून पाहा. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे. अनामिका ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, मधलं बोट डी तारेच्या दुसऱ्यावर, तर्जनी बी तारेच्या पहिल्यावर. ॲकूस्टिकवर तर्जनी जराशी आडवी झाली की शेजारच्या बारीक ई तारेला टेकते आणि ती मुकी होते. क्लासिकलवर तारांमध्ये जागा असल्याने हे कमी होतं. मात्र हात लहान असेल तर रुंद मानेवर जी कॉर्डसाठी बोटं ताणताना मनगट वाकडं होतं, आणि हे दुखणं घट्ट्यांनी जात नाही.

गिटार कोणतीही असो, कॉर्ड धरली की सहाही तारा एकदम छेडू नका. एकेक तार वेगळी वाजवा. ‘थड’ असा मुका आवाज आला की नवखा माणूस जोर वाढवतो. जोर नको, जागा बदला. बोट पडद्याच्या लगेच मागे सरकवा, शेवटचं पेर कमानीसारखं उभं ठेवा, अंगठा मानेच्या पाठीमागे न्या. निम्म्या जोरात तार स्वच्छ बोलते. मला हे फार उशिरा कळलं, तोवर सगळा दोष मी तारांना देत होतो.

उजव्या हाताचा विचार करताना स्वतःला विचारा, की तुम्हाला गायचंय की वाजवायचंय? गाण्याला साथ द्यायची, पिकने (तारा छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने) ठेका धरायचा, चार मित्रांत बसून म्हणायचं, तर स्टील घ्या. त्या खणखणीत आवाजाशिवाय स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवण्याला, मजा नाही. नायलॉनवर पिक लावलं तर आवाज बोथट येतो. अंगठा आणि तीन बोटांनी सूर वेगवेगळे काढायचे असतील, स्पॅनिश वळणाचं ऐकून जीव हरखत असेल, तर नायलॉनच. १९४० च्या दशकात नायलॉन येईपर्यंत या गिटारींना आतड्याची तात असे. तो मऊपणा आजही कानाला जाणवतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला मी डोळे झाकून छोट्या मापाची नायलॉनची देईन.

अजून ठरत नसेल, तर माझं मत ०.०१२ ऐवजी ०.०१० इंची संच (हे माप सर्वांत बारीक तारेच्या जाडीचं) लावलेल्या ॲकूस्टिकला आहे. बोटांना हलकी, आणि बहुतेकांना गाणीच म्हणायची असतात. पावसाळ्यात तिच्या तारा गंजतात, वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसा. नव्या नायलॉनच्या तारा आठवडाभर सैल होत राहतात. रोज सूर लावताना वैतागू नका. पण क्लासिकलवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, त्या ताणाने ब्रिज, म्हणजे तारा बांधलेली खालची लाकडी पट्टी, उखडतो.

विकत घेताना बाराव्या पडद्यापासून जाड तार किती उंच आहे ते बघा. स्टीलला अडीच मिलिमीटरच्या आसपास, नायलॉनला चारपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर आधी दुकानदाराकडून सेटअप (तारांची उंची नीट बसवणं) करून मागा. मग प्रत्येक तार पहिल्या पडद्यापासून बाराव्यापर्यंत एकेक दाबून वाजवा. कुठे खरखर ऐकू आली तर ती गिटार परत भिंतीवर टांगायला सांगा आणि दुसरी मागा.