काळा घोडा येथील उन्हाळी इंटर्नशिप : शिक्षण उत्तम, विद्यावेतन शून्य

बी.एफ.ए.च्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपल्यावर मे आणि जून हे दोन महिने मी काळा घोडा परिसरातील एका खासगी कलादालनात इंटर्न म्हणून काम केले. महाविद्यालयात चित्र काढायला शिकवतात. चित्र सांभाळायचे कसे, हे मात्र मी येथेच शिकले.

पहिल्याच आठवड्यात आमच्या हाती कंडिशन रिपोर्टचे काम आले. दालनात येणाऱ्या आणि दालनातून जाणाऱ्या प्रत्येक चित्राची तपासणी करून त्यावरील भेगा, रंगाचे सुटलेले पापुद्रे, डाग यांची जागा मोजून लिहायची आणि छायाचित्र जोडायचे. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या कॅनव्हासवर बाजूने तिरपा प्रकाश टाकला की उंचवटे आणि सुरकुत्या स्पष्ट दिसू लागतात, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी थक्क झाले. चित्राची पाठ तर त्याहून बोलकी असते : जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, फ्रेम करणाऱ्या दुकानाचा शिक्का, चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेले वर्ष यांवरून ते चित्र कोणाकोणाच्या हातून गेले याचा माग लागतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर कागदावरील जलरंगांची चिंता वाढली, कारण हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली तर कागदाला बुरशी लागण्याचा धोका असतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आर्द्रतामापकाची नोंद ठेवणे ही माझी जबाबदारी होती. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम किती महत्त्वाचे आहे, हे कोणत्याही पुस्तकाने मला इतके पटवून दिले नसते.

उद्घाटनांच्या संध्याकाळी पाहुण्यांची सरबराई करण्यात मात्र आमचा बराच वेळ गेला आणि त्यातून शिकण्यासारखे काही नव्हते.

माझी खरी तक्रार पैशांबद्दल आहे. आठवड्याचे सहा दिवस काम करूनही दोन महिन्यांत विद्यावेतन तर नाहीच, लोकलच्या पासाचे पैसेसुद्धा मिळाले नाहीत. माझे घर डोंबिवलीत असल्याने मला हे निभावता आले; माझ्यासोबत निवड झालेल्या सांगलीच्या मैत्रिणीला मुंबईत राहण्याचा खर्च झेपेना, म्हणून तिने नकार कळवला. तिची रेषा आम्हा सर्वांहून सरस आहे. अमेरिकेतील कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये ठराव करून इंटर्नना मोबदला देण्याचे आवाहन संग्रहालयांना केले, आणि व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात इंटर्नना मासिक विद्यावेतन मिळते. लाखो रुपयांची चित्रे विकणाऱ्या आपल्या दालनांना निदान प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण देणे अवघड नसावे.

मुंबईत राहण्याची सोय असलेल्या विद्यार्थ्यांनी येथे अवश्य अर्ज करावा. रुजू होण्यापूर्वी कामाचे तास, प्रवासखर्च आणि कंडिशन रिपोर्टच्या कामात सहभाग मिळेल की नाही, या तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना मी आज तरी ही इंटर्नशिप सुचवू शकत नाही.