एव्होस्वीट: जुन्या जावा कोडचा पंचनामा

एका पतसंस्थेच्या कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे देखभालीला आलं. जावा ८, लांबच लांब क्लास (कोडचे गट), कोड तपासणारी टेस्ट औषधालाही नाही आणि लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेले. असल्या कोडला हात लावण्याआधी आज तो नेमकं काय करतो हे तरी बांधून ठेवावं, म्हणून एव्होस्वीट (EvoSuite) हे आपोआप टेस्ट लिहिणारं टूल चालवून पाहिलं. गॉर्डन फ्रेझर आणि आंद्रेआ आर्कुरी यांनी २०११ मध्ये मांडलेलं हे टूल ओपन सोर्स आहे, त्यामुळे खरेदीच्या मंजुरीची कटकट नाही.

टूलची जार फाइल उतरवायची, क्लासचं नाव आणि क्लासपाथ (कोड कुठे आहे तो पत्ता) द्यायचा, की ते जेयुनिटच्या (जावातल्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या) टेस्ट लिहून देतं. शोधासाठी दर क्लासला मुळात ६० सेकंद ठरलेले असतात. नंतर टेस्ट आखूड करायला आणि असर्ट (उत्तर अमुकच यावं अशी तपासणी) घालायला लागणारा वेळ वेगळा, तेव्हा मोठं प्रोजेक्ट रात्रीच लावून ठेवा.

आत जेनेटिक अल्गोरिदम आहे. आधी वाट्टेल तशा टेस्ट बनवायच्या, न गाठलेल्या ब्रांचच्या (अटीतून फुटणाऱ्या वाटांच्या) कोणती टेस्ट किती जवळ गेली ते मोजायचं आणि सरस टेस्टचा संकर करून पुढची पिढी काढायची. अट ‘दिवस ९० पेक्षा जास्त’ अशी असेल, तर ६० देणाऱ्या टेस्टपेक्षा ८५ देणारी सरस. आकड्यांच्या अटींत म्हणूनच हे तरबेज आहे. अट नुसत्या बुलियन फ्लॅगवर (हो किंवा नाही, एवढंच) अडली असेल तर जवळ-लांब कळायला मार्गच नसतो आणि शोध अंधारात चाचपडतो.

आता दंडव्याजाच्या क्लासची गंमत. एका टेस्टमध्ये थकीत दिवस होते उणे ११५७, आणि खाली असर्ट काय, तर दंडाची रक्कमही उणे. म्हणजे हप्ता आधी भरला तर संस्थाच सभासदाला दंड देणार! आमच्यातला कोणीही ०, ३०, ९१ असे आकडे घालून मोकळा झाला असता. पण ती टेस्ट दिमाखात हिरवी, म्हणजे पास, होती. बरोबर काय हे टूलला ठाऊक नसतं. कोडने दिलेलं उत्तरच ते असर्ट म्हणून लिहून ठेवतं. पंचांनी दिसलं ते लिहून सही करावी, तसा प्रकार. गुन्हा कोणाचा हे आपण ठरवायचं. त्यामुळे कव्हरेजचा (टेस्टनी किती कोड चालवून पाहिला त्याचा) आकडा साहेबांना दाखवण्यापुरतं हे वापरणार असाल, तर कोडमधल्या चुकांवरच शिक्कामोर्तब होईल.

वाचायला या टेस्ट रटाळ आहेत. व्हेरिएबलची नावं ‘इंट०’, ‘डबल०’. दंड कुठला आणि मुद्दल कुठलं, तुम्हीच ओळखा. उलट एक सोय मनापासून आवडली: टेस्ट चालताना घड्याळ आणि फाइल सिस्टिम नकली असते, त्यामुळे आज पास झालेली टेस्ट तारीख बदलली म्हणून उद्या बोंबलत नाही.

जावा ८ वरचा जुना कोड मोडून नव्याने मांडायचा असेल तर जरूर घ्या. पायथनवाल्यांनी याच जातकुळीचं पिंग्विन (Pynguin) हे टूल बघावं. आम्ही मात्र या टेस्ट कायमच्या ठेवत नाही. क्लास नव्याने लिहून झाला, संस्थेच्या हिशेबनिसाकडून नियम पक्के करून घेतले, की त्या काढून टाकतो आणि माणसाने लिहिलेल्या ठेवतो.