तोल सावरण्याचा फोम पॅड: चांगला, पण पहिल्या दिवसापासून नको

साधारण 50 × 40 सेंमी आणि 6 सेंमी जाडीचा हा पॅड. मेंदूच्या इजेनंतर घरी तोलाचा सराव करायला उपयोगी, पण घाईने विकत घेतला तर धोक्याचा. मऊ पृष्ठभागावर घोट्यांकडून मेंदूला मिळणारी खबर धूसर होते. मग भिस्त डोळ्यांवर आणि तोलाची जाणीव देणाऱ्या आतल्या कानावर पडते. तीच तर कसरत. म्हणून आधी कडक जमिनीवर पाय जुळवून 30 सेकंद आधाराशिवाय उभं राहता आलं पाहिजे.

पॅड खोलीच्या कोपऱ्यात ठेवा: पाठीशी दोन भिंती, समोर जड खुर्ची. खुर्चीला बोटांची टोकं फक्त टेकवायची. मूठ आवळली की सगळा भार हातावर जातो आणि पायांची मेहनत आयतीच वाचते. सोबतच्या माणसाने कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहावं. डोळे मिटणं सगळ्यात शेवटी, तेही फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावरच.

स्वस्त स्पंज टाळा. टाच दाबल्यावर खाली फरशी लागली तर तो निकामी. गुळगुळीत फरशीवर पॅड सरकतो. खाली रबरी जाळी हवीच. मोजे काढा. पॅडवरून उतरतानाही कडेला पाय अडकून तोल जाऊ शकतो. डोकं दुखलं, दोन-दोन दिसू लागलं की लगेच बसवा.