जळगावची शब्द-आकडे स्पर्धा: खेळ चोख, कार्डं मात्र बदला

ब्रिटनच्या चॅनल फोरवर १९८२ पासून चालू असलेल्या ‘काउंटडाउन’ या शब्द-आकड्यांच्या टीव्ही खेळाचे चाहते दर डिसेंबरात जळगावात जमतात आणि तोच खेळ दिवसभर मराठीत खेळतात. खानदेशात शब्दांची आणि आकड्यांची दोन्ही खाज एकाच ठिकाणी भागवणारी ही स्पर्धा चुकवू नये.

एका टेबलावर तिघं. दोघं खेळतात, तिसरा कार्डं काढतो, ३० सेकंद लावतो, गुण मांडतो. मग पाळी बदलते. कुणी रिकामं बसत नाही.

खरी कसोटी शब्दफेरीची. अक्षरांची नऊ कार्डं निघतात, त्यांतून शब्द बनवायचा. मात्रा आणि अनुस्वार फुकट, पण जोडाक्षराला दोन्ही व्यंजनांची कार्डं हवीत. जितकी कार्डं तितके गुण, नऊही वापरली तर १८. समजा क, क, र, म, ण, त, स, ल, आ आले. ‘करमणूक’ला पाच गुण. ‘करमणुकीत’ लिहून सहा मागणारे दरवर्षी निघतात. विभक्तीचं रूप बाद, शून्य. आणि ‘करमणुक’ लिहिलंत तरी शून्यच, कारण अस्सल मराठी अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, उकार दीर्घ. घाईत ऱ्हस्व-दीर्घावरच जास्त गुण जातात. हा नियम कडक आहे आणि तो तसाच राहावा. तो सैल केला की प्रत्येक टेबलावर वाद.

आकड्यांच्या फेरीत २५, ५०, ७५, १०० ही मोठी कार्डं एकेकदा, १ ते १० दोनदोनदा. त्यातली सहा घ्यायची आणि तीन आकडी लक्ष्य गाठायचं. अचूक उत्तराला १० गुण, पाचपर्यंत फरक असेल तर ७, दहापर्यंत ५. १००, २५, ८, ७, ४, ३ आणि लक्ष्य ७३२ असेल तर हात आपोआप ‘७ गुणिले १००, अधिक २५, अधिक ७’ लिहितो. इथे ७ दोनदा वापरला गेला, उत्तर बाद. शेवटचा ७ काढून तिथे ४ आणि ३ घेतले की झालं. वापरलेलं कार्ड कागदावर लगेच खोडत जा.

कार्डांवर मात्र गंभीर तक्रार आहे. लॅमिनेशन चकाकतं, अक्षरं बारीक आहेत, आणि कार्डं एकाच खेळाडूकडे तोंड करून मांडतात. समोरच्याला ती उलटी दिसतात, मग घ-ध आणि भ-म यांत गफलत होऊन पाचसहा सेकंद वाया जातात. एक तिरकी लाकडी पट्टी ठेवून दोन्ही खेळाडूंना एकाच बाजूला बसवलं की हा प्रश्न संपतो. घड्याळ म्हणून प्रत्येक टेबलावर मोबाइल. शेजारचा वाजला की आपली वेळ संपली असं वाटून लोक पेन खाली ठेवतात. सभागृहात एकच घंटा हवी.

जेवणाला भरीत, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. हंगामातली हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली. या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही. दुपारच्या पहिल्या फेरीत डोळे जड होतात, म्हणून हात आखडता घ्या.

अहिराणी शब्द कोशात नाही म्हणून नाकारतात, हे मात्र पटत नाही. आ, ड, र हातात असताना खानदेशातच ‘आंडोर’ला (म्हणजे मुलगा) तीन गुण मिळू नयेत? निदान एक फेरी अहिराणीची ठेवा, आणि तिची शब्दयादी महिनाभर आधी सगळ्यांना द्या.