बारकोडवाला सिलिंडर

माझे ४५,००० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो. कसे गेले ते मात्र नीट वाचा, कारण ज्यानं ते घेतले तो अजून धंद्यात आहे आणि जुन्या स्कूटरवाल्यांच्या ग्रुपांवर रोज सकाळी न चुकता 'शुभ सकाळ' टाकतो.

गाडी मामांची. लॅम्ब्रेटा एलआय १५०, सिरीज दोन. गडहिंग्लजला गोठ्याच्या कडेला सतरा वर्षं उभी होती आणि मामी तिच्या सीटवर पेंडीची पोती ठेवायच्या. टेम्पोत घालून कोल्हापुरात मंगळवार पेठेत आणली तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "भंगारात घालायला आणलीस व्हय?" लॅम्ब्रेटा मूळची मिलानच्या इनोसेंटी कंपनीची, आपल्याकडे मुंबईच्या एपीआयनं, म्हणजे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं, परवाना घेऊन बनवली. म्हणजे माझी गाडी जन्मानं मुंबईकर, आराखडा तेवढा इटलीचा. हे मला पक्कं माहीत होतं. तरी कुणी विचारलं की मी 'इटालियन क्लासिक' असंच सांगायचो. पुढं जे झालं ते या एका शब्दापायी.

मी हायस्कूलला गणित शिकवतो. शाळा सुटली की अंगणात पोतं अंथरायचं आणि एकेक नट सोडवायचा, असे आठ महिने गेले. या इंजिनात सिलिंडर आडवा असतो, बिडाचा, आणि फ्लायव्हीलवरचा पंखा त्याला वारा घालतो. तो उतरवून कार्बन खरवडला तर आतल्या भिंतीला नख अडकेल अशी लांब चर दिसली. गाडी कधीतरी धावताना जाम झाली असणार. यात घाबरण्यासारखं काही नसतं. शिवाजी उद्यमनगरात नेऊन द्यायचा, बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, थोडा वाढवून घ्यायचा, ओव्हरसाईज पिस्टन बसवायचा, झालं. ज्या गावात म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिरांच्या काळापासून इंजिनं घडतात तिथं या कामासाठी सायकलवरूनही जाता येतं. पण नाही. मला 'ओरिजिनल' पाहिजे होता.

तो इसम मला अशाच एका ग्रुपवर भेटला. मराठी बोलणारा, मुंबईचा म्हणायचा. सुरुवातीला 'सर', आठवड्यात 'दादा'. पहिल्यांदा त्यानं रबराचे बुश, केबली आणि फूटबोर्डच्या पट्ट्या पाठवल्या, १,१५० रुपयांत. माल चांगला, वेळेत, वर दोन ग्रोमेट फुकट. आता कळतं की ते १,१५० म्हणजे त्यानं गळाला लावलेलं गांडूळ होतं.

मग त्यानं गोष्ट सांगितली. इनोसेंटीनं १९७१ मध्ये लॅम्ब्रेटा बंद केली, यंत्रं सरकारच्या स्कूटर्स इंडियानं विकत घेतली आणि ती लखनौला आली. इथपर्यंत सगळं खरं आहे, कुठंही वाचायला मिळेल. लखनौला १९९७ पर्यंत स्कूटर बनत होत्या हेही खरं. त्याला पुढं त्यानं आपली शेपटी जोडली: यंत्रांबरोबर मिलानहून सुट्या भागांचे सीलबंद खोके आले, ते एका बंद पडलेल्या डीलरच्या माळ्यावर राहिले आणि आता त्याच्या हाती लागले. खऱ्या गोष्टीला चिकटवलेलं खोटं सांधा न दिसता बसतं. मी फक्त पहिला अर्धा भाग तपासला. तो बरोबर निघाला म्हटल्यावर दुसरा अर्धा तपासायचं मनातच आलं नाही.

सिलिंडर किट, पिस्टन-रिंगांसह, २१,००० रुपये. फोटो आला: हिरव्या रेक्झिनवर ठेवलेला पिवळट खोका, कोपऱ्याला तेलाचा डाग. त्याखाली एक सूचना, आणि या माणसाची खरी अक्कल या सूचनेत आहे. "दादा, सील फोडू नका. फोडलं की माल सेकंडहँड झाला, किंमत निम्मी. बसवायच्या दिवशीच उघडा. आणि फोडलेला परत घेत नाही." मला हे इतकं पटलं की मी त्याला धन्यवाद दिले!

पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीतून आलं. पहाटे साडेपाचला तावडे हॉटेलजवळ थंडीत उभं राहून घेतलं आणि घरी आणून कपाटात ठेवलं, देवासारखं. फ्रेमचं रंगकाम व्हायचं होतं, म्हणून खोका तसाच राहिला. महिन्याभरात त्याचा फोन: त्याच माळ्यावर हँडलचा वरचा भाग आणि मिलानच्या गाडीचा स्पीडोमीटर सापडलाय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, पण 'पहिला हक्क दादांचा'. २४,००० पाठवले. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला, वहिनीचं खातं आहे. पहिल्या खोक्यात काय आहे हे न बघताच मी दुसऱ्याचे पैसे दिले होते. वर्गात एखाद्या पोरानं असा हिशोब केला असता तर वही फेकली असती मी.

दिवाळीच्या साफसफाईत नववीतल्या मुलीनं तो खोका हातात घेतला, फिरवला आणि म्हणाली, "बाबा, हा पासष्ट सालचा ना? मग याच्यावर बारकोड कसा?"

खाली, घडीच्या आत, बोटभर बारकोड. तिनंच मोबाईलवर शोधून सांगितलं की दुकानाच्या गल्ल्यावर पहिला बारकोड वाचला गेला तो १९७४ मध्ये, अमेरिकेत, च्युइंगमच्या पाकिटावरचा. तेव्हा मिलानची लॅम्ब्रेटा बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

सील फोडलं. गॅस्केट चपातीसारखं मऊ. इतकी वर्षं पडलेलं असतं तर दुमडताच तुटलं असतं. ग्रीसला ताजा वास. व्हर्नियर घातला तर बोअर ५७ मिलिमीटर, बरोबर. वाटलं, चला, जुना नसला तरी उपयोगाचा आहे. उद्यमनगरातल्या ओळखीच्या मेस्त्रींकडे घेऊन गेलो. ते पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, बनवतात, चाळीस वर्षं झाली. त्यांनी सिलिंडर उजेडाकडे धरला, पोर्टमध्ये करंगळी फिरवली आणि हसायला लागले.

"अवो सर, ह्यो तर आपल्यातलाच!"

एका फिनच्या, म्हणजे गार करणाऱ्या बाहेरच्या पट्टीच्या, मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. त्यांच्या लाकडी पॅटर्नला कधीतरी धक्का लागला होता, ती त्याचीच खूण. इथल्याच एका फाउंड्रीत हे सिलिंडर ओततात आणि सरळ 'लोकल' म्हणूनच विकतात, त्यात लपवाछपवी काही नाही. इनोसेंटीचं नाव नंतर कुणीतरी पंचानं ठोकलेलं. अक्षरं एका ओळीतही नव्हती, एन तर कललेला. मग त्यांनी खालच्या तोंडाला पट्टी लावून दाखवली: भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निम्मीच. "ह्येची कोर हललीया, ओतताना आतला गाभा सरकलाया. ह्यो रिजेक्टचा माल, भंगारात काढलेला. कितीला घेतलासा?"

लाज वाटली. "दोन हजार," म्हणालो.

"मग फसलासा की वो."

तर कुणी 'न्यू ओल्ड स्टॉक', म्हणजे जुना पण न वापरलेला माल, म्हणून काही विकत असेल तर खोक्याचा फोटो मागू नका, वस्तूचा मागा. सिलिंडर असेल तर पोर्टच्या आत टॉर्च मारून काढलेला व्हिडिओ, बोअरमध्ये व्हर्नियर, शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी. नाव ओतीव आहे की ठोकलेलं ते जवळून बघा. खातं दुसऱ्याच्या नावाचं निघालं की पैसे तिथंच थांबवा, मग ती वहिनी असो नाहीतर आत्या. आणि 'उघडू नका' म्हणणाऱ्याचा माल त्याच्यासमोर, व्हिडिओ कॉल चालू ठेवून उघडा.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी फोन केला तो दुसरे पैसे देऊन चाळीस दिवसांनी. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की हा फोन त्याच दिवशी करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. तेव्हा ते गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रार नोंदली गेली. पोलीस ठाण्यात पहिल्या पार्सलबद्दल "माल तर मिळाला ना सर?" असं विचारलं, ते चुकीचंही नाही. हँडलच्या २४,००० साठी मात्र अर्ज घेतला. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आपलं जुनं चारशेवीस. पैसे अजून आलेले नाहीत. हँडलही नाही.

मामांचा मूळ सिलिंडर मेस्त्रींनी ओळखीच्या बोअरिंगवाल्याकडून करून दिला, ओव्हरसाईज पिस्टन बसवला, सगळा खर्च चार हजारांच्या आत. गाडी सातव्या किकला लागली आणि अंगण निळ्या धुरानं भरलं. शेजारचे काका खोकत बाहेर आले, भंगाराचं काही बोलले नाहीत.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तोच फोटो आला. तीच हिरवी रेक्झिन, तोच तेलाचा डाग, किंमत आता २६,०००. खाली सांगलीच्या एका पोरानं लिहिलं होतं, 'दादा, बुक करा'. मी त्याच्याखाली लिहिलं: 'खोका उलटा करून खालच्या घडीचा फोटो टाका.' दोन मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. त्या पोराचा नंबर मी आधीच उतरवून ठेवला होता. फोन केला.